कुणावाचून किती मिनिटं

आमच्या थोरल्या साडूंनी मोजली नाही अशी वस्तू सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत शिल्लक नाही, असं मी फलटणला एका बारशात पाहुण्यांसमोर कौतुकानं बोलून गेलो. तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण मला थांबता येत नाही, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे. मी पुढं म्हणालो, "आणि आता तर कंपनीनं त्यांना माणसं मोजायला बसवलंय!" दहा मिनिटांत मांडवभर बातमी झाली की जनगणनेचे साहेब आलेत. एक आजोबा आधार कार्ड घेऊन आले, त्यांच्या जन्मसालात घोळ होता. एका मावशींनी, धाकट्या सुनेला आमच्यात धरू नका, असं कानाशी येऊन बजावलं. पाळण्याची दोरी धरलेल्या बाईंनी तर हात जोडून सांगितलं, "बाळाचं नाव अजून ठेवायचंय, जरा दम धरा." दुसरा कुणी असता तर वैतागून उठला असता. साडूंनी खिशातून वही काढली, आजोबांच्या दोन थोरल्या भावांची आणि एका धाकट्या बहिणीची वयं विचारून घेतली, खाली रेघ मारली आणि निकाल दिला, "आजोबा, तुमी कार्डापरास चार वर्सं ल्हान हायसा." आजोबा चार वर्षांनी तरुण होऊन पंगतीला बसले. बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "कुणाची ओळख करून द्यायची असली ना, तर यापुढं मी देत जाईन."

साडू मूळचे वडूजकडचे, पण बिऱ्हाड सांगलीत आणि उभी नोकरी तिथून जवळच्या कुपवाडला. पाण्याच्या पंपांचे सुटे भाग करणारा पन्नासेक माणसांचा कारखाना आहे, तिथं तयार माल तपासण्याचं खातं त्यांच्याकडं. बाकीची माणसं शर्टाच्या खिशाला पेन लावतात, तसं हे व्हर्निअर लावतात. व्हर्निअर म्हणजे चोचीसारखं तोंड असलेलं, केसाची जाडी सांगणारं मोजमापाचं हत्यार. ते कारखान्यात ठेवून घरी यायचं असतं, पण साडूंनी स्वतःच्या पैशानं एक घरगुती व्हर्निअर घेतलेलं आहे. आमच्याकडं जेवायला बसले की पहिल्या भाकरीची जाडी तीन ठिकाणी घेतात आणि माझ्या बायकोला म्हणतात, "कडंला पाव मिलीमीटर जास्त हाय, पर मधी एक नंबर." ही स्तुती आहे हे कळायला तिला लग्नानंतर सहा वर्षं लागली. एका दिवाळीत त्यांनी आक्कांचे, म्हणजे माझ्या मेव्हणीचे, बेसनाचे लाडू तपासायला घेतले. कारखान्यात नापास मालावर लाल ठिपका मारतात, त्या रिवाजानं अकरा लाडवांवर कुंकवाचा ठिपका आला. भाऊबीजेपर्यंत रोज चहाबरोबर साडूंच्या बशीत फक्त ठिपकेवाले लाडू पडत राहिले. अकरावा खाऊन झाल्यावर साडू मला हळूच म्हणाले, "पाव्हणं, चवीला लाल ठिपक्याचंच उजवं हुतं. पर हे आत सांगू नगा."

तर अशा माणसाच्या हाती कारखान्यानं माणसांची मनं मोजायचं काम कसं दिलं, त्याची गोष्ट अशी. मालक तरुण, हौशी. कुठंसं त्यांनी ऐकलं की कामगाराला आपल्या कामाचा काही उपयोग होतोय असं वाटतं का, आणि त्याचं मन ठिकाणावर आहे का, हे दरसाल मोजायला हवं. त्यांनी पुण्याहून सल्लागार बोलावले. दोन मुली आणि एक गॉगलवाले गृहस्थ आले, छापील अर्ज वाटले. प्रत्येक प्रश्नापुढं एक ते पाच आकडे, पटेल त्यावर गोल करायचा. पहिला प्रश्न, 'माझ्या कामाचा कंपनीच्या यशात वाटा आहे.' शेवटचा प्रश्न, 'गेल्या पंधरा दिवसांत मला खूप उदास वाटले.' आता आपल्याकडं पाचपैकी किती म्हटल्यावर कमी मार्क कोण घेईल? सगळ्यांनी सगळीकडं पाचावर गोल केला. एकानं तर पाचाच्या पुढं स्वतःच्या पेनानं सहा लिहून त्यावर गोल केला. पुण्याच्या मंडळींनी बेरीज केली तेव्हा निष्कर्ष निघाला की या कारखान्यातला प्रत्येक माणूस स्वतःला अत्यंत उपयोगी समजतो आणि अत्यंत दुःखी आहे. मुली घाबरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना यंत्रांपाशी उभं करून डोळे मिटायला सांगितले, दीर्घ श्वास घ्या, समोर निळा समुद्र आहे असं समजा. साडू धावत आले, "बाई, लेथ चालू हाय. हितं डोळं मिटून समुद्र बघाया लागली तर बोटं जात्याल."

मालकांनी कपाळाला हात लावला. साडू म्हणाले, "मोजायचंच हाय न्हवं? मग मला द्या. वाटतंय का, असं इचारून माप निघत न्हाई. मी पंपाला जाऊन इचारतो व्हय, बाबा तुला बरोबर वाटतंय का म्हणून?" निवृत्तीला त्यांना तेव्हा सहा महिने उरले होते. मालकांनी विचार केला असणार, जाताजाता एवढी हौस पुरी होऊ दे.

साडूंची पद्धत अगदी साधी होती. यंत्रातला एखादा भाग कामाचा की बिनकामाचा, कसं ओळखायचं? तो काढून ठेवायचा आणि यंत्र चालवून बघायचं. तसंच माणसाचं. दर मंगळवारी दोन वेगळ्या खात्यांतल्या एकेकाला भरपगारी सुट्टी द्यायची. त्यानं घरी बसायचं, फोन करायचा नाही. त्याच्यावाचून दिवसभरात काय काय अडलं, किती मिनिटं अडलं, ते दोघा सोबत्यांनी चिठ्ठीवर लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी सगळ्यांसमोर त्याच्या हातात द्यायचं. नियम एकच, खोटं लिहायचं नाही. "माणूस उदास असतो म्हंजी काय पाव्हणं?" ते मला एकदा सांगत होते. "त्येला वाटतं, आपल्यावाचून काय अडत न्हाई. बरं, वाटतंय तर वाटू दे. आपण मोजून दावू. आकडा हातात आला की वाटणं बंद." मी म्हटलं, "आणि खरंच काही अडलं नाही तर?" ते म्हणाले, "असं कसं हुईल? बिनकामाचा भाग मालकानं पन्नास ठिकाणी बसवून ठेवलाय व्हय?" मग त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि विचारलं, "तुमच्या हापिसात करायचं का एकदा?" मी साताऱ्यातल्या एका कचेरीत आवक-जावक सांभाळतो. मागं काविळीनं आठ दिवस घरी होतो, नवव्या दिवशी कामावर गेलो तर शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ म्हणाले, "काल दिसला नाहीत?" मी विषय बदलला.

आणि मंडळी, त्या चिठ्ठ्यांनी कुपवाडात बहार उडवली. स्टोअरचे अण्णा पाटील हे कुठल्या फळीवर काय आहे ते कागदावर न ठेवता डोक्यात ठेवतात. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी बारा मिलीमीटरचं ड्रिल शोधायला चार माणसं लागली, अखेर ते सापडलं तेव्हा त्याची गरज संपली होती. चिठ्ठी आली, एकशे चाळीस मिनिटं. अण्णांनी ती प्लास्टिकमध्ये घालून देव्हाऱ्याच्या शेजारी लावली. चहाच्या मालूताईंच्या चिठ्ठीवर एकच शब्द होता, 'सगळं.' साडूंनी ती परत पाठवली, "सगळं म्हंजी किती मिनिटं?" गेटवरचे वॉचमन नव्हते त्या दिवशी गेटवरच्या कुत्र्यानं मालाचा ट्रक आत येऊ दिला नाही, तासभर ड्रायव्हर टपावर बसून होता. सगळ्यांत मजा मालकांची झाली. त्यांनीही हौसेनं सुट्टी घेतली आणि चिठ्ठी आली, 'अडलं: काही नाही. दोन कामं वेळेआधी झाली.' मालक खो खो हसले, आणि पुढच्या मंगळवारी आपण होऊन गैरहजर राहिले. माणसं चिठ्ठ्या मोबाइलच्या पाठीमागच्या कव्हरात घालून हिंडू लागली. दुचाकी लावताना एकमेकांना विचारायची, "तुजी किती रं?" "पंचावन." "माजी सत्तर हाय गड्या, हात जोड." एकाच्या बायकोनं म्हणे मिरजेला माहेरी जाऊन चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली, कारण माहेरच्यांचा जावयाबद्दल पूर्वीपासून वेगळा अंदाज होता.

अशा रीतीनं पाच महिने गेले, आणि यादीत एकच नाव उरलं. साडूंचं.

त्याच सुमाराला आक्कांचा माझ्या बायकोला फोन आला. "अगं, ह्यांचं काहीतरी बिनसलंय. दोन भाकरीवरून एकीवर आलेत. परवा रिकाम्या ताटासमोर बसून मला म्हणाले, एकतीस तारखेला मी सुटलो की तिथं काय फरक पडंल गं? मी म्हटलं, लई पडंल. तर म्हणाले, किती?" आता यावर आक्का काय आकडा सांगणार? एवढ्या वर्षांत या माणसानं एक रजा घेतली नव्हती, त्यामुळं आपण नसल्यावर काय होतं, हे त्यालाच ठाऊक नव्हतं. दुसऱ्यांना हातात आकडा देणारा माणूस स्वतःच्या आकड्याला भीत होता. सुट्टी टाळायला त्यांनी दोन मंगळवार काढले. तिसऱ्या मंगळवारी कामगारांनी गेटवरूनच परत फिरवलं, "सायेब, नियम समद्यांला." मग ते सरळ स्टँडवर गेले आणि सातारा गाडीत बसून आमच्याकडं आले.

तो दिवस मी विसरायचा नाही. कचेरीत मी रजा कळवून टाकली. आल्या आल्या त्यांनी फोन टेबलाच्या मधोमध तांब्याला टेकवून उभा केला, आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी फोन करायचा नव्हता, पण तिकडून येण्याला बंदी नव्हती. याआधी प्रत्येकाला निदान एक तरी फोन गेला होता, की बाबा, अमुक कुठं ठेवलंयस. पंधरा मिनिटांनी म्हणाले, "पाव्हणं, चालू हाय न्हवं बघा. जरा मिस कॉल द्या." मी दिला. वाजला. त्यांनी वेळ वहीत टिपली. अर्ध्या तासानं पुन्हा, "द्या एक." असे मी तीन मिस कॉल दिले. मधल्या वेळात त्यांनी आमच्या कुकरच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर मोजलं, भिंतीवरचं घड्याळ दोनदा मोबाइलशी ताडून बघितलं, माझ्या चष्म्याची एक काडी दुसरीपेक्षा वाकडी आहे हे सांगितलं. पण नजर फोनवर. मला राहवलं नाही. मी गॅलरीत जाऊन, त्यांनी न मागता, एक मिस कॉल दिला. आतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. जाऊन बघतो तर साडू फोन हातात धरून उभे, आणि पडद्यावर माझं नाव. त्यांनी खुर्ची उचलून जागेवर ठेवली. बायकोनं माझ्याकडं जे बघितलं त्याची जाडी मोजायला कुठलंही व्हर्निअर पुरलं नसतं.

एकच्या सुमारास मी कोथिंबिरीचं निमित्त करून खाली उतरलो आणि कारखान्यात सिद्धार्थला फोन लावला. सिद्धार्थ हा साडूंच्या हाताखाली तयार झालेला पोरगा, आता त्यांच्या जागेवर तोच येणार.

"सिद्धार्थ, तिकडं काही अडलंय का रे?"

"न्हाई काका. मस्त चाललंय."

"एवढं मस्त कशाला चालवताय? जरा काहीतरी अडवा की. एखादं मापाचं गेज हरवा."

"काका, न्हाई जमायचं. चिठ्ठीत खोटं लिवावं लागंल. सायबांनी पयल्या दिवशी काय सांगितलंय मला? आपल्याला काय पायजे ते लिवायचं न्हाई, काटा काय म्हणतोय ते लिवायचं."

"अरे, पण माणूस खचत चाललाय इथं!"

त्यानं आवाज खाली आणला. मग म्हणाला, "आमाला कळत न्हाई व्हय काका? सकाळपासनं समदी वाट बघायलीत, काय तरी अडू दे म्हणून. अण्णा तर दोनदा इचारून गेलं. पर कायच अडंना. त्येनी शिकवलंयच तसं."

मी कोथिंबीर न घेताच वर आलो.

दिवसभर कारखान्यातून फोन आला नाही. संध्याकाळी साडू चप्पल घालताना बायको मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, "दाजींना एकटं जाऊ द्यायचं नाही. तुम्ही जा बरोबर. आणि वाटेत बोलू नका काही." मी गेलो. बोललोही नाही, म्हणजे कराडपर्यंत. सांगलीला आक्कांनी पानात भाकरी वाढली, ती त्यांनी न मोजता खाल्ली. आक्का आणि मी एकमेकांकडं बघत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या स्कूटरवर मागं बसून मी कुपवाडला गेलो. दहाला चहाची घंटा झाली. सगळे आपापल्या यंत्रापाशी काहीतरी पुसत असल्यासारखं करत होते, आणि सगळ्यांचे कान इकडं. सिद्धार्थनं चिठ्ठी आणून दिली. साडूंनी चष्मा लावला आणि स्वतःच मोठ्यानं वाचलं, "कामाचा खोळंबा, शून्य मिनिटं." दोन्ही सह्या बघितल्या. मान हलवली. "बरोबर हाय," म्हणाले. "चांगलं हाय. मी सुटल्यावर काळजी न्हाई." आणि चिठ्ठीची अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी करू लागले.

"सायेब," सिद्धार्थ म्हणाला, "मागं बी लिवलंय. उलटा की."

त्यांनी घडी मोडली, चिठ्ठी उलटी केली. "जेवण, छत्तीस मिनिटं उशिरा." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "का? कँटीनमधी काय झालं हुतं?"

"काय न्हाई. डबं हातातच हुतं."

"मग?"

शेवटी स्टोअरचे अण्णा पुढं झाले. "आवं, रोज तुमी बसता, डबा उघडता आन 'चला' म्हणता. मग आमी बसतो. काल कुणी म्हटलंच न्हाई. ह्यो त्येच्या तोंडाकडं बघतोय, त्यो ह्येच्या."

"मी 'चला' म्हणतो?"

"रोज."

"मला म्हाईत न्हाई."

"तुमास्नी कशाला म्हाईत असंल? आमाला बी कालच कळलं."

"मग काल शेवटी कोण म्हटलं?"

"कुणीच न्हाई," मालूताई मागून म्हणाल्या. "भूक लागली, बसली. पर कुणाचं जेवणात ध्यान नव्हतं बगा."

साडू चिठ्ठीकडं बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आता रडतात की काय. पण त्यांनी विचारलं, "छत्तीस मिनिटं कशी काढली? सुरुवात कुठल्या घड्याळात, आन शेवट कुठल्या?"

सिद्धार्थ चाचरला. "सुरुवात मोबाइलात बघितली. शेवट भिंतीवरच्या."

"भिंतीवरचं दोन मिनिटं म्होरं हाय. चौतीस लिवा."

सिद्धार्थनं छत्तीस खोडून चौतीस केलं, खाडाखोडीपाशी पुन्हा सही केली. मग साडूंनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो आधीच स्वच्छ होता, आणि ते पुसतच राहिले.

खरी पंचाईत दीड वाजता झाली. सगळे डबे घेऊन जमले. साडू बसले, डबा उघडला, आणि थांबले. आजवर हा शब्द त्यांच्या तोंडून आपोआप जात होता, आता तो आपण म्हणतो हे कळल्यावर त्यांना म्हणता येईना. तोंड उघडायचे, लाजायचे, मिटायचे. पन्नास माणसं डबे धरून उभी, कुणी हसेना, कुणी बसेना. मालूताईंनी पदर तोंडाला लावला. मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं गेली. मग एकदाचा फाटक्या आवाजात शब्द आला, "चला रं." आणि डब्यांच्या झाकणांचा जो एकदम आवाज उठला, तो बाहेर गेटपर्यंत गेला असेल.

जेवण झाल्यावर मी गेटापाशी येऊन बायकोला फोन केला. सगळं सांगितलं, अर्थात माझ्याकडचं थोडं मीठमसाला घालून. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मग आज किती भाकरी खाल्ल्या दाजींनी?"

"दोन," मी म्हटलं. "आणि सिद्धार्थच्या डब्यातली अर्धी."

ती म्हणाली, "मी आक्काला फोन करते. म्हणावं, एकतीस तारखेनंतरसुद्धा त्यांचा डबा भरायचं थांबवू नको."